मुठीत मावलेला कॅमेरा

आज ज्याच्या खिशात फोन आहे त्याच्या खिशात एक व्हिडिओ कॅमेराही आहे, आणि त्याचे त्याला फारसे नवल वाटत नाही. मुलाचे पहिले पाऊल असो, गावच्या पालखीची मिरवणूक असो, की भररस्त्यात घडणारी एखादी आगळीक असो. हात खिशात जातो आणि चित्र उमटू लागते. परंतु विजेच्या साहाय्याने हलते चित्र टिपणारे यंत्र आणि ते साठवून ठेवणारे यंत्र अशी दोन्ही यंत्रे एकाच पेटीत बसवून ती पेटी घरगुती वापरासाठी विकावयास निघाली ती १९८३ साली. त्यापूर्वीची जवळजवळ तीस वर्षे हे यंत्र लहान करण्याच्या खटपटीत गेली, आणि त्यानंतरची तीस वर्षे ते आणखी लहान करण्यात. या सबंध काळात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसून येते. यंत्राचा आकार घटला की त्याबरोबर दर वेळी काहीतरी सोडून द्यावे लागले. काय मिळाले आणि त्यापायी काय द्यावे लागले, याचा हिशेब आज मांडावयाचा आहे. कारण त्यातील एक देणे आपल्या घराघरांतून अजून थकलेले आहे.

प्रथम हे यंत्र करते तरी काय ते पाहू. सिनेमाचा कॅमेरा आणि व्हिडिओ कॅमेरा दिसावयास भावंडे वाटली तरी त्यांची रीत अगदी निराळी आहे. सिनेमाच्या कॅमेऱ्यात प्रकाश फिल्मवर पडतो आणि तिच्यावरील रसायनात बदल घडवतो. सेकंदाला चोवीस छायाचित्रे निघतात; ती रसायनशाळेत धुऊन आल्याखेरीज काय साधले आणि काय फसले ते कळत नाही. घरगुती हौसेसाठी कोडॅक कंपनीने १९६५ साली ‘सुपर एट’ नावाची अरुंद फिल्म काढली. तिचे एक वेटोळे कॅमेऱ्यात घातले म्हणजे सेकंदाला १८ चित्रांच्या वेगाने ३ मिनिटे २० सेकंद चित्रण होई. एवढ्या वेळात आपल्याकडील मंगलाष्टकेसुद्धा संपत नाहीत! शिवाय एकदा वापरलेली फिल्म पुन्हा वापरता येत नसे. व्हिडिओ कॅमेऱ्यात प्रकाशाची वीज होते, आणि त्या विजेचे चढउतार चुंबकीय फितीवर नोंदले जातात. ते त्याच क्षणी पडद्यावर पाहता येतात, नको असतील तर पुसता येतात, आणि त्याच फितीवर पुन्हा लिहिताही येते.

परंतु सबंध चित्र एकाच तारेतून एकदम पाठवता येत नाही. त्याचे तुकडे करावे लागतात. आपण पुस्तकाचे पान वाचतो तेव्हा दृष्टी पहिल्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे जाते, मग दुसऱ्या ओळीच्या आरंभी येते, आणि अशा रीतीने पान संपते. यंत्रही चित्र असेच वाचते. भारतात दूरचित्रवाणीसाठी जी पद्धत अनेक दशके चालत आली तीत एका चित्राच्या ६२५ ओळी असत आणि सेकंदाला अशी २५ चित्रे वाचली जात. त्यातही एक युक्ती होती. आधी १, ३, ५ अशा विषम ओळी वाचून घ्यावयाच्या आणि मग मागे येऊन मधल्या सम ओळी वाचावयाच्या. त्यामुळे डोळ्यांपुढे सेकंदाला पन्नास वेळा चित्र चमकते आणि लुकलुक जाणवत नाही. सेकंदाला पंधरा हजारांहून अधिक ओळी वाचणारा हा वाचक कॅमेऱ्याच्या पेटीत बसवावयाचा, ही या कथेतील पहिली अडचण.

पहिला वाचक म्हणजे काचेची एक नलिका होती. अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९५० साली ‘व्हिडिकॉन’ नावाची नलिका पुढे आणली. तिच्या पुढच्या काचेवर आतून एक पातळ लेप असे. या लेपाचा गुण असा की ज्या ठिकाणी प्रकाश पडेल त्या ठिकाणी तो विजेला वाट करून देई. अंधाऱ्या ठिकाणी अडवून धरी. नलिकेच्या मागील टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा एक बारीक झोत निघे आणि तो लेपावरून ओळीमागून ओळ फिरत जाई. प्रकाशाच्या कमीजास्तपणाप्रमाणे विजेचा प्रवाह कमीजास्त होई. पूर्वीच्या मोठ्या नलिकांच्या मानाने ही नलिका पुष्कळच लहान आणि स्वस्त होती. तथापि तिला आतील तार तापवण्यासाठी वीज हवी, झोत वळवण्यासाठी तारांची वेटोळी हवीत, मोठा विद्युत्‌दाब हवा. तिच्यात दोषही होते. अंधारात कोणी पेटती उदबत्ती फिरवली तर तिच्यामागे धूमकेतूसारखे शेपूट दिसे, आणि चुकून कॅमेरा सूर्याकडे वळला तर लेपावर कायमचा डाग पडण्याचा धोका असे.

डोळा मिळाला, आता स्मरण पाहिजे. आवाज फितीवर साठवण्याची विद्या आकाशवाणीच्या श्रोत्यांना परिचित आहे. फीत एका लहानशा विद्युत्‌चुंबकासमोरून सरकते. त्या चुंबकाला हेड म्हणतात. विजेच्या चढउतारांप्रमाणे फितीवरील कण चुंबकित होतात आणि तीच फीत पुन्हा हेडसमोरून नेली की आवाज परत मिळतो. परंतु माणसाच्या कानाला ऐकू येणारा आवाज सेकंदाला २० हजार कंपनांच्या पलीकडे जात नाही, आणि चित्राच्या विजेची कंपने सेकंदाला ५० लाखांपर्यंत पोहोचतात. म्हणजे अडीचशे पट! इतके बारीक अक्षर लिहावयाचे तर लेखणीखालचा कागदही तितक्याच वेगाने सरकला पाहिजे. इंग्लंडमध्ये बीबीसीने ‘व्हेरा’ नावाचे यंत्र बनवून १९५८ साली प्रेक्षकांना दाखवले. त्यात फीत सेकंदाला पाच मीटर धावे. पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमाला साडेचार किलोमीटर फीत लागे. असे यंत्र खांद्यावर घेण्याची कल्पनाही कोणी करू शकले नसते.

त्याच्या दोन वर्षे आधी, १९५६ साली, अमेरिकेत ॲम्पेक्स कंपनीच्या चार्ल्स गिन्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अडचण उलट बाजूने सोडवली होती. फीत जोराने पळवण्याऐवजी त्यांनी हेडच फिरते केले. एका चाकावर चार हेड बसवले, चाक सेकंदाला २४० वेळा फिरवले, आणि पाच सेंटिमीटर रुंदीची फीत त्याच्यापुढून संथपणे जाऊ दिली. हेड फितीवर आडव्या रेघा ओढत गेले. या पथकात रे डॉल्बी नावाचा एक तरुणही होता. ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे ते नाव पुढे चित्रपटगृहांतून सर्वतोमुखी झाले. ॲम्पेक्सच्या यंत्राने दूरचित्रवाणीचे जगच पालटले. परंतु त्याची किंमत सुमारे पन्नास हजार डॉलर होती आणि ते ठेवावयास खोली लागे. चित्र साठवणे ही अजून सरकारांची आणि धनाढ्य कंपन्यांचीच गोष्ट होती.

यानंतरची युक्ती मात्र स्वयंपाकघरातील आहे असे म्हटले तरी चालेल. काकडी सरळ आडवी चिरली की गोल, लहान चकती निघते. तीच तिरपी चिरली की लांबट काप निघतो. फितीचेही तसेच आहे. एक गोल ड्रम घ्यावा, त्याच्या कडेला दोन हेड बसवावेत, ड्रम किंचित कलता ठेवावा आणि फीत त्याच्याभोवती गुंडाळून न्यावी. मग प्रत्येक हेड फितीवर लांबलचक तिरपी रेघ ओढते. एका रेघेत अर्धे चित्र, दोन रेघांत पूर्ण चित्र. पुढे १९७६ साली जपानच्या जेव्हीसी कंपनीने जी व्हीएचएस पद्धत काढली आणि जिच्या कॅसेटी आपल्याकडे घरोघरी आल्या, ती याच तत्त्वावर चाले. तिच्यातील फीत अर्धा इंच रुंद. ती सरकते सेकंदाला जेमतेम सव्वादोन सेंटिमीटरांहून किंचित अधिक. म्हणजे गाण्याच्या कॅसेटच्या निम्म्या वेगाने. परंतु ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम सेकंदाला २५ फेरे घेत असल्यामुळे हेड फितीवरून जवळजवळ पाच मीटरांच्या वेगाने धावते. ‘व्हेरा’ने जे किलोमीटरगणिक फीत उधळून साधले तेच येथे एका लहानशा भोवऱ्याने साधले.

या तिरप्या रेघेच्या बळावर सोनी कंपनीने १९६७ साली ‘पोर्टापॅक’ नावाची जोडी बाजारात आणली. हातात कॅमेरा, खांद्याला पट्ट्याने अडकवलेली मुद्रणाची पेटी, आणि दोहोंमध्ये एक जाड तार. चित्र काळेपांढरे; एका रिळावर सुमारे वीस मिनिटे. त्या पहिल्या पेटीला केवळ लिहिता येई, वाचता येत नसे. घेतलेले चित्र पाहावयाचे तर दुसरे यंत्र लागे. तथापि माणसाला एकट्याने रस्त्यावर नेता येईल असे हे यंत्र होते, आणि ज्यांच्याकडे आजवर कोणी कॅमेरा वळवला नव्हता अशा वस्त्यांतून तो आता फिरू लागला. पुढे १९७५ साली सोनीची बीटामॅक्स आणि १९७६ साली व्हीएचएस या पद्धती आल्या, रीळ जाऊन बंद कॅसेट आली आणि चित्र रंगीत झाले. परंतु कॅमेरा व पेटी यांची ताटातूट कायमच होती. नळी नलिकेच्या जागी आणि ड्रम ड्रमच्या जागी असेपर्यंत दोघांना एका घरात नांदवणे कठीण होते. दोघांपैकी कोणीतरी लहान होणे भाग होते.

नलिकेला पर्याय अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत निघाला. तेथे विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी १९६९ साली सीसीडी नावाच्या सिलिकनच्या चकतीची कल्पना मांडली. त्याबद्दल चाळीस वर्षांनी, २००९ साली, त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही चकती कशी काम करते ते एका दृष्टांताने सांगतो. एका मोठ्या अंगणात हजारो भांडी ओळीने मांडून ठेवली आहेत आणि पाऊस पडतो आहे. कोठे जास्त, कोठे कमी. पाऊस थांबला की प्रत्येक भांड्यातले पाणी शेजारच्या भांड्यात, तेथून त्याच्या शेजारच्या भांड्यात, असे हातोहात सरकवत अंगणाच्या कडेला आणावयाचे आणि तेथे बसलेल्या मोजणाऱ्याने एकेक भांडे क्रमाने मोजून वहीत टिपावयाचे. पाऊस म्हणजे प्रकाश, पाणी म्हणजे विद्युत्‌भार, आणि भांडी म्हणजे चकतीवरील सूक्ष्म घरे. येथे तापणारी तार नाही, काच नाही, झोत नाही. सूर्याकडे पाहून डाग पडण्याची ती जुनी भीतीही पुष्कळ ओसरली.

कल्पना अमेरिकेची, परंतु ती घरगुती यंत्रात उतरवण्याचा ध्यास जपानमध्ये सोनी कंपनीतील काझुओ इवामा यांनी घेतला. पाच वर्षांत पन्नास हजार येन किमतीचा कॅमेरा झाला पाहिजे, आणि आपली स्पर्धा इतर विजेच्या कंपन्यांशी नसून फिल्म विकणाऱ्या कोडॅकशी आहे, असे त्यांनी आपल्या माणसांना बजावले होते. काम पाच वर्षांत झाले नाही. धुळीचा एखादा कण पडला तरी चकती फुकट जाई, आणि शेकडो चकत्यांमागे कामाची एखादीच निघे. इवामा १९८२ साली वारले. सीसीडी बसवलेला घरगुती कॅमेरा सोनीने बाजारात आणला तो १९८५ साली. कंपनीच्या इतिहासात अशी नोंद आहे की त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सीसीडी चकती त्यांच्या समाधीच्या शिळेवर बसवली.

दरम्यान ड्रम लहान करण्याचा उद्योग चालूच होता, आणि लहानपणाचे मोल येथेच सर्वांत स्पष्ट दिसते. १९८३ साली सोनीने ‘बीटामूव्ही’ काढला. कॅमेरा आणि मुद्रणयंत्र एकाच पेटीत, वजन सुमारे अडीच किलो, खांद्यावर ठेवून चालवण्याजोगे. घरगुती वापराचा हा पहिला जोड कॅमेरा. परंतु त्यातील ड्रम इतका लहान केला होता की चित्र वाचण्याचा तालच कॅमेऱ्यात बदलून घ्यावा लागला. त्या तालावर लिहिता येई. परत वाचता येत नसे. टिपलेले चित्र पाहावयास घरी जाऊन मोठ्या यंत्रात कॅसेट घालावी लागे. पुढच्याच वर्षी जेव्हीसीने यावर तोड काढली. ड्रमचा व्यास दोनतृतीयांशावर आणला; त्याची भरपाई म्हणून फीत त्याच्याभोवती अधिक लपेटली, दोनऐवजी चार हेड बसवले आणि फेऱ्यांचा वेग दीडपट केला. त्यामुळे फितीवर उमटणाऱ्या रेघा मोठ्या ड्रमने लिहिलेल्या रेघांसारख्याच राहिल्या. हा कॅमेरा दोन किलोंच्या आत आला आणि त्याला लिहिता-वाचता दोन्ही येई. मात्र कॅसेट लहान झाल्यामुळे एकेका कॅसेटवर आरंभी वीस ते तीस मिनिटेच मावत. ती लहान कॅसेट एका पोकळ साच्यात बसवून घरच्या नेहमीच्या यंत्रात घालावयाची, अशी सोय होती. १९८५ पासून आलेल्या ‘व्हिडिओ एट’ पद्धतीत फीत केवळ आठ मिलिमीटर रुंद झाली, कॅसेट गाण्याच्या कॅसेटएवढी झाली आणि ती तासाहून अधिक चालू लागली. परंतु ती घरच्या व्हीएचएस यंत्रात कोणत्याही साच्याने बसत नसे. १९८९ साली सोनीचा जो कॅमेरा आला त्याचे वजन ७९० ग्रॅम होते, आणि तो पासपोर्टएवढा आहे अशी त्याची जाहिरात झाली. खांद्यावरून तो आता तळहातावर उतरला होता.

यंत्र हातात आल्यावर माणसांनी त्याचे काय केले? अहमदाबादेत स्त्रियांच्या ‘सेवा’ या संघटनेने १९८४ साली न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली चित्रणाचे एक शिबिर भरवले. शिकणाऱ्या स्त्रिया कष्टकरी होत्या. त्यांतील पुष्कळजणींना लिहितावाचता येत नव्हते. लेखणी ज्यांच्या हाती कधी आली नव्हती त्यांच्या हाती कॅमेरा आला, आणि आपले व्यवसाय, आपली गाऱ्हाणी त्या स्वतः मांडू लागल्या. पुढे आपल्या महाराष्ट्रात, मागांच्या खडखडाटात जगणाऱ्या मालेगावी, शेख नासीर यांनी घरगुती जातीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर गावातल्याच माणसांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ हे विडंबन रचले. ते २००० साली पुढे आले आणि गावाने ते डोक्यावर घेतले. कॅमेरा सरकत न्यावयाचा तर सायकल, वर उचलावयाचा तर बैलगाडी, अशी तेथील चित्रणाची सामग्री. मुंबईच्या चित्रनगरीत ज्याला लाखो रुपये लागतात ते हौसेच्या आणि अकलेच्या बळावर येथे उभे राहिले.

तिसरे उदाहरण गंभीर आहे. अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरी ३ मार्च १९९१ च्या मध्यरात्रीनंतर जॉर्ज हॉलिडे या गृहस्थांना गलबल्याने जाग आली. सज्जातून पाहतात तो पोलीस रॉडनी किंग नावाच्या एका कृष्णवर्णी माणसाला लाठ्यांनी बडवीत आहेत. हॉलिडे यांनी घरातला लहान सोनी कॅमेरा काढून ते टिपले आणि फीत स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राला दिली. जगभर ती दाखवली गेली. त्यापूर्वी असा प्रकार ‘झाला’ आणि ‘झाला नाही’ अशा दोन साक्षींमध्ये विरून जात असे. परंतु पुढचे ऐकण्यासारखे आहे. न्यायालयात बचाव पक्षाने तीच फीत ज्यूरीपुढे एकेक चित्र थांबवून, संथपणे, स्वतःच्या निवेदनासह दाखवली. आणि २९ एप्रिल १९९२ रोजी चारही पोलिसांवरील मारहाणीचा आरोप सिद्ध होऊ शकला नाही. शहरात दंगली उसळल्या, पन्नासांहून अधिक माणसे दगावली. पुढे १९९३ साली केंद्रीय न्यायालयात चौघांपैकी दोघे दोषी ठरले. सेकंदाला येणारी चित्रे एकामागून एक पाहिली तर ती एक घटना असते. सुटी करून पाहिली तर प्रत्येक लाठी हवेत थांबलेली दिसते. कॅमेरा पुरावा देतो, निवाडा देत नाही, ही गोष्ट त्या दोन खटल्यांनी जगाला शिकवली.

१९९५ साली या यंत्रात फार मोठे स्थित्यंतर झाले. आजवर फितीवर विजेचे चढउतार जसेच्या तसे लिहिले जात. त्यामुळे कॅसेटवरून कॅसेट केली की नक्कल मुळाहून फिकी, आणि नकलेची नक्कल त्याहून फिकी. डीव्ही नावाच्या नव्या पद्धतीत प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाचा आणि रंगाचा आकडा लिहिला जाऊ लागला. हस्तलिखिताची नक्कल करताना अक्षराचे वळण बदलते. जमाखर्चाच्या वहीतील आकडा मात्र कितीही वेळा उतरवला तरी तोच राहतो. डीव्हीची कॅसेट काड्यापेटीहून थोडीशीच मोठी, फीत पाव इंच रुंद, आणि ड्रम मिनिटाला ९००० फेरे घेणारा. एवढ्याशा फितीत तासाभराचे चित्र बसवण्यासाठी ते पाचपट दाबून लिहावे लागे, म्हणजे बारकाव्यांपैकी डोळ्याला सहसा न जाणवणारा भाग गाळून टाकावा लागे. हेही एक मोलच. परंतु संगणकाला तार जोडून चित्र एकही आकडा न बदलता उतरवून घेता येऊ लागले, आणि चित्रपटाचे संकलन घरच्या टेबलावर आले.

यापुढे फीतच गेली. २००६ साली एव्हीसीएचडी पद्धत आली, आणि चित्रे लहान चकतीवर किंवा नखाएवढ्या स्मृतिपत्रावर साठू लागली. त्यासाठी दाबण्याची कला आणखी पुढे गेली. गावाकडून येणाऱ्या पत्रात घर, विहीर, आंबा यांचे वर्णन दर वेळी नसते. आंब्याला मोहोर आला एवढेच लिहिलेले असते, आणि वाचणारा बाकीचे ओळखून घेतो. त्याप्रमाणे नव्या पद्धतीत अधूनमधून एक चित्र पूर्ण लिहितात आणि मधल्या चित्रांत काय बदलले तेवढेच नोंदवतात. लवकरच फोनच व्हिडिओ टिपू लागले, आणि स्वतंत्र लहान कॅमेऱ्याचा बाजार उतरणीला लागला. फोनमध्ये सीसीडीच्या जागी सीमॉस जातीची चकती असते. तिच्यात अंगणातील प्रत्येक भांड्यापाशीच एक मोजणारा बसवलेला आहे, म्हणून ती कमी विजेत चालते. परंतु बहुतेक फोनांत तिच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात. त्यामुळे फिरत्या पंख्याची पाती चित्रात वाकलेली दिसतात. वाचन तळापर्यंत पोहोचेतो पाते पुढे गेलेले असते.

या लहान डोळ्याचे एक मर्म प्रत्येक वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावे. भांड्याचे तोंड जेवढे रुंद तेवढे पाणी जास्त. चकतीची लांबीरुंदी निम्मी केली की तिचे क्षेत्रफळ, आणि म्हणून तिच्यावर पडणारा प्रकाश, चौथाईवर येतो. यासाठीच समईच्या उजेडात फोनने घेतलेल्या चित्रात राळ उडाल्यासारखे ठिपके दिसतात. त्यावर उपाय जुनाच आहे: माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवावे, आणि खिडकी त्याच्या पाठीशी नसून आपल्या पाठीशी ठेवावी. गंमत अशी की या चकत्यांची मापे आजही जुन्या नलिकेच्या नावाने सांगितली जातात. अर्धा इंची म्हणवणाऱ्या चकतीचा कर्ण प्रत्यक्षात आठ मिलिमीटरच असतो. अर्धा इंच हा तिच्याएवढे चित्र टिपणाऱ्या नलिकेच्या काचेचा बाहेरचा व्यास होता. नलिका गेली, तिचे माप मागे राहिले.

आता त्या थकलेल्या देण्याकडे वळू. १९८० नंतरच्या पंचवीसएक वर्षांत मुंबई-पुण्यापासून इंदूर, बडोदे, हैदराबादपर्यंत पसरलेल्या मराठी घरांतून मुंजी, लग्ने, साठीशांती, नाटकांच्या तालमी, गावच्या जत्रा या फितींवर उतरल्या. आजीचा आवाज आणि तिची चालण्याची ढब एकत्र कोठे शिल्लक असेल तर पुष्कळदा ती तेथेच आहे. ही फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलेली चुंबकीय कणांची भुकटी होय. ते द्रव्य हवेतील ओल शोषून चिकट होते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते. आणि वर्षे लोटली की चुंबकत्वही मंद होत जाते. त्याहून मोठी अडचण यंत्राची आहे. सोनीने बीटामॅक्सच्या कॅसेटी विकणे मार्च २०१६ मध्ये बंद केले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत जपानच्या फुनाई कंपनीने व्हीएचएसची यंत्रे बनवणे थांबवले. छापलेले पुस्तक कोणाही साक्षराला वाचता येते. फितीला मात्र तिचाच ड्रम लागतो, आणि तो ड्रम आता नवा मिळत नाही.

म्हणून ज्यांच्या कपाटात अशा कॅसेटी आहेत त्यांनी विलंब करू नये. कॅसेटच्या खिडकीतून पाहावे. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजावी. अशी कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये; ती हेड खराब करील आणि पुढच्या कॅसेटलाही संसर्ग देईल. ती जाणकाराकडे सोपवावी. चांगल्या कॅसेटी पूर्ण गुंडाळून, उभ्या, कोरड्या जागी, चुंबकापासून दूर ठेवाव्यात. व्हीएचएसच्या कडेची लहान पट्टी मोडून टाकली की चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होत नाही. मग त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. डीव्हीच्या कॅसेटी तिच्या आकड्यांच्या तारेनेच उतरवाव्यात. दूरचित्रवाणी संचाच्या तारेने उतरवल्यास आकडे गमावून पुन्हा फिकी नक्कलच हाती येते. उतरवलेले चित्र दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावे, त्यांतील एक दुसऱ्या घरी असल्यास उत्तम. आणि त्याला नाव द्यावे: कोणाचे लग्न, कोणते गाव, कोणते साल, पडद्यावर दिसणारी माणसे कोण. ही ओळख सांगणारी मंडळी आज हयात आहेत, यंत्र दुरुस्त करणारे कारागीरही थोडेबहुत आहेत. फोनमधील चित्रांनाही हाच नियम लागू आहे. फोन हरवला की त्यातील पाच वर्षे त्याच्याबरोबर जातात.

खोलीभर पसरलेले यंत्र मुठीत आणण्यासाठी शास्त्रज्ञांनी आणि कारागिरांनी साठ वर्षे वेचली. त्यांनी आपले काम केले. मुठीत आलेले टिकवून धरण्याचे काम त्यांचे नाही. ते ज्याच्या कपाटात कॅसेट आहे त्याचे आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी एकदा ते कपाट उघडावे, एवढेच सुचवून रजा घेतो.